'बाप-हवालदार' करणं म्हणजे करिअर नाही?

सात रस्ता:
काल इथं एकानं लिहिलं, "सोलापूरची पोरं राज्य नाट्य स्पर्धा गाजवतात, मुंबईला जातात आणि मालिकेत हिरोइनचा बाप नाहीतर हवालदार होऊन बसतात. ह्याला काय करिअर म्हणायचं?" वाचल्यापासून डोकं फिरलंय.

हिंदी सिनेमातल्या शशिकलाबाई आपल्या सोलापूरच्या. लक्षात राहिल्या त्या कारस्थानी, खाष्ट बायका करून. 'आरती' आणि 'गुमराह'ला लागोपाठ फिल्मफेअर, दोन्ही सहाय्यक भूमिकेचे. २००७ ला पद्मश्री. अतुल कुलकर्णी इथल्या शाळेत शिकला, इथल्या हौशी रंगभूमीवर उभा राहिला. 'हे राम' आणि 'चांदनी बार'चे राष्ट्रीय पुरस्कार सहाय्यक अभिनेत्याचेच. हे काय पडलेले हिरो आहेत?

माझा मामा यंत्रमागावर होता. शिफ्ट बदलून तालमीला जायचा. सव्विसाव्या वर्षी हुतात्मा नाट्यगृहात म्हातारा केला, केसांना पावडर लावून. डावा हात पहिल्या अंकापासून थरथरत ठेवलेला. पडदा पडल्यावरही पाच मिनिटं थांबेना. ती भूमिका दुय्यम होती म्हणून मामा दुय्यम नट होतो का?

साखर पेठ:
मीच लिहिलं होतं ते. नावं दोन घेतली, बाकीच्यांचं काय? माझा थोरला भाऊ अकरा वर्षं अंधेरीत. काम रोजावर, पैसे नव्वद दिवसांनी, तेही चार फोन केल्यावर. मेकअप करून सकाळी नऊपासून बसवायचे आणि संध्याकाळी सांगायचे, "आज तुमचा सीन लागत नाही." इकडे वहिनीनं टॉवेलच्या कडा शिवून दोन पोरं शिकवली. पुरस्कारांची यादी तिला वाचून दाखव.

गड्ड्याचा पाळणा:
भूमिका लहान का मोठी ते राहू द्या. मालिकेत गावाकडचा माणूस आला की 'रं', 'गं', 'व्हय जी' सुरू. आमच्या आईनं जन्मात 'व्हय जी' म्हटलं नाही. "काय करायलास बे?" हे कुठल्या मालिकेत ऐकलंय?

बाळीवेस:
घराघरांत लागणाऱ्या मालिकेत 'बे' कशाला? आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर 'बे' निघालं तर मुस्काटात बसायची. शिवाय नागपूरवाले म्हणतील, ते आमचं आहे.

गड्ड्याचा पाळणा:
नागपूरचं त्यांच्याकडे, आपलं आपल्याकडे. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, त्यातून ही बोली झालीय. तुम्हाला लाज वाटत असेल तर तुम्ही बोलू नका. २०१६ ला 'सैराट' आला, आर्ची झालेली पोरगी अकलूजची. तिची भाषा कुणाला अडली?

बाळीवेस:
लाज काढायचं काम नाही. मी पण ह्याच मातीतला आहे. आईबापासमोर बोलायची रीत पाळतो एवढंच.

साखर पेठ:
विषय पोटाचा होता. तुम्ही 'बे'वर भांडत बसलात.

विंगेतला:
पोटाचा आणि बोलीचा विषय एकच आहे. आपला पोरगा मुंबईत गेला की पहिलं सांगतात, गावाकडचा हेल सोडा. हेल जाईपर्यंत त्याला दोन वाक्यांचा हवालदारच मिळतो. तीस वर्षं विंगेत उभा राहून किती पोरं जाताना बघितली.

आणि घाई. निळूभाऊ फुले पुण्यात माळीकाम करायचे. आधी सेवा दलाचं कलापथक, लोकनाट्य. 'एक गाव बारा भानगडी' १९६८ चा, म्हणजे चाळिशी जवळ आलेली. मग १९७२ ला रंगमंचावर सखाराम बाइंडर. पाटील-सरपंचाचा शिक्का बसला तरी १९७९ ला 'सिंहासन'मध्ये पत्रकार दिगू केलाच ना? चरित्र नट, म्हणजे हिरो सोडून बाप-हवालदार असली कामं करणारा, उशिरा पिकतो. हातातली नोकरी सोडून पहिल्याच वर्षी मुंबई गाठू नये.

साखर पेठ:
म्हणजे चूक माझ्या भावाचीच? त्याला नोकरी होती कुठं सोडायला? गिरणी बंद पडली तेव्हा वडीलच घरी बसले होते.

विंगेतला:
तुमच्या भावाला नाही बोललो. नोकरीचं वाक्य मागे घेतो. उशिरा पिकतो ते मात्र घेणार नाही.

सात रस्ता:
पैसे वेळेवर मिळत नाहीत, हे मलाही मान्य करावं लागेल. पण ती थकवणाऱ्याची लबाडी. कामाला कमी का लेखायचं?

साखर पेठ:
बरं. 'करिअर नाही' म्हणालो ते चुकलं. दादाचं काम चांगलंच असतं. टोपी काखेत धरून तो साहेबासमोर उभा राहतो ना, तिथंच कळतं ह्या हवालदाराची बावीस वर्षं नोकरी झालीय. पण माझ्या पोराला मी जा म्हणणार नाही.

गड्ड्याचा पाळणा:
तो सीन पाठवा की. वाक्यं किती आहेत?

साखर पेठ:
तीन. दोन शुद्ध मराठीत. तिसऱ्यात चोराला दम देताना 'बे' सुटलंय, आणि त्यांनी ते कापलेलं नाही. आई तेवढंच मागं घेऊन घेऊन ऐकते.