पुरुष खेळाडूंची कपडे बदलायची खोली आणि महिला वार्ताहर: आयोजकांकडे नेमकं काय मागावं?

गोदाकाठ, परभणी
जिल्हा पातळीवरच्या पुरुष कबड्डी-कुस्तीचं वार्तांकन करते. सामना संपला की खेळाडू शाळेच्या वर्गखोलीत नाहीतर मंडपामागच्या कनातीत कपडे बदलायला जातात. पुरुष वार्ताहर सरळ आत जाऊन प्रतिक्रिया घेतात, महिलेला मात्र दारातच "ताई, थोडं थांबा." खेळाडू बाहेर येईपर्यंत डाक आवृत्तीचं, म्हणजे गावोगाव जाणाऱ्या आणि लवकर छापल्या जाणाऱ्या अंकाचं, पान छपाईला सुटलेलं असतं. पुढच्या महिन्यात प्रकाशझोतातली स्पर्धा आहे, आयोजकांना आधीच पत्र द्यायचंय. मलाही आत सोडा म्हणू, की सगळ्यांनाच बाहेर ठेवा म्हणू?

जुना बातमीदार, संभाजीनगर
ताई, दोन्ही नको. सगळ्यांना एकच दार आणि एकच वेळ, एवढंच मागा. खोली उघडी ठेवायची का बंद, हे आयोजकांनी ठरवावं. पण जे ठरेल ते प्रत्येक पत्रकाराला लागू.

अमेरिकेतला गाजलेला खटला याच मुद्द्यावर उभा होता. 1977 च्या वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, मेलिसा लुडकी (Melissa Ludtke) या वार्ताहराला यांकी स्टेडियमच्या खेळाडूंच्या खोलीत मज्जाव झाला, पुरुष सहकारी आत होते. सप्टेंबर 1978 मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. खेळाडूंच्या खासगीपणाचा मुद्दा त्यांनी झटकला नाही; पण पडदा लावून, टॉवेल गुंडाळून तो सांभाळता येतो, त्यासाठी बाईचं काम अडवायची गरज नाही, असं म्हटलं. स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं होतं, म्हणून घटनेतला समानतेचा हक्क लागू झाला. आपली जिल्हा क्रीडा संकुलंही सरकारीच आहेत, हे पत्रात जरूर लिहा.

क्रिकेटचं उदाहरण कुणी तोंडावर फेकलं तर सांगा, आंतरराष्ट्रीय सामन्यांत भ्रष्टाचारविरोधी नियमांमुळे ड्रेसिंग रूम सगळ्याच पत्रकारांना बंद असते. तिथे पुरुषाला आत आणि बाईला बाहेर असा प्रकार नाही.

मैदान समिती, लातूर
आयोजकाच्या बाजूने सांगतो, याला फार खर्च नाही. मैदानातून खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर बांबू आणि सुतळीने दोनेक मीटर रुंदीची गल्ली करा. खेळाडू आतून येतील, पत्रकार सुतळीच्या बाहेर. मोठ्या स्पर्धांतला मिक्स्ड झोन म्हणजे हेच. दिवा मात्र वेगळा लावा. प्रकाशझोताचे खांब मैदानाकडे वळलेले असतात, मंडपामागे अंधार पडतो आणि फोटो काळे येतात. भोंग्याचं तोंड तिकडे नको, नाहीतर बाईटमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या प्रतिक्रियेत, समालोचनच ऐकू येतं.

शेवटच्या शिट्टीनंतर दहा मिनिटं खेळाडूंना मोकळी: पाणी, पट्टी, अंगावर टीशर्ट. मग कर्णधार, प्रशिक्षक आणि ज्याची चढाई किंवा पकड निर्णायक ठरली तो, असे तिघे पाच-सात मिनिटं. हातात जर्सी क्रमांकांची यादी घेतलेला एक स्वयंसेवक हवाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी चुकीच्या नावाने बातमी छापून येते.

घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला, हरलेला संघ. तो लगेच गाडीत बसून गावाकडे निघतो, म्हणून त्यांना आधी बोलवा. दुसरा, सत्कार. पाहुणे व्यासपीठावर आले की विजेता संघ तासभर शाल-श्रीफळात अडकतो. मुलाखत सत्काराच्या आधी, हे कार्यक्रमपत्रिकेतच छापून घ्या. तोंडी सांगितलेलं त्या गर्दीत कुणी पाळत नाही.

आणि शालेय गट, म्हणजे 14, 17, 19 वर्षांखालील मुलं असतील तर खोलीत एकाही पत्रकाराला सोडू नका, बाई असो की पुरुष. प्रशिक्षक शेजारी उभा असतानाच बोलणं. खोलीच्या दारातून मोबाईलवर फोटो काढणाऱ्याला तिथल्या तिथे बाहेर काढा.

लाल माती, धाराशिव
कुस्तीचं गणित वेगळं. वजनं घेताना मल्ल अंगावरच्या मोजक्या कपड्यांत असतात, तिथे कुणीच जाऊ नये; वजनगटांची सही केलेली यादी बाहेर लावायला सांगा, बातमीला तेवढी पुरते. जत्रेच्या फडात कुस्ती सुटली की जिंकणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, त्याच्याशी लगेच बोलणं होत नाही. तोवर वस्तादांना गाठा, डाव कुठला लागला ते तेच नीट सांगतात.

काही तालमींत बाईने मातीत पाय ठेवू नये असं अजून मानतात. ते पटण्यासारखं नाही. 2023 मध्ये सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी झाली, त्यानंतर तर नाहीच. पण ऐन कुस्तीच्या वेळी त्यावरून भांडण काढलं तर बातमी हातची जाते. पंचांच्या टेबलाशेजारची जागा आदल्या दिवशी ठरवून घ्या आणि पुरुष पत्रकारांनाही तिथेच उभं करा.

वकिली चष्मा, नांदेड
दार उघडलं म्हणजे काम झालं असं नाही. 1990 मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या न्यू इंग्लंड पॅट्रियट्स संघाच्या खोलीत लिसा ओल्सन या वार्ताहराला खेळाडूंनी अश्लील वागणूक दिली. प्रवेशाचा नियम तेव्हा होताच. चौकशीनंतर खेळाडूंना आणि संघालाही दंड झाला.

आपल्याकडे 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेचं ठिकाण हे कामाचं ठिकाण धरलंय. कामानिमित्त जिथे जाल तेही. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. वृत्तपत्राच्या कार्यालयात दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. अश्लील शेरेबाजी झाली तर भारतीय न्याय संहितेची कलमं 75 आणि 79 आहेत, थेट पोलिसांत जाता येतं. वेळ, जागा, ऐकणाऱ्यांची नावं त्याच रात्री लिहून ठेवा.

गोदाकाठ, परभणी
सगळ्यांचे आभार. पत्रात नेमकी वाक्यं काय लिहू?

जुना बातमीदार, संभाजीनगर
मघाशी खोलीचा निर्णय आयोजकांवर सोडा म्हटलं होतं, पण वर सांगितलेली गल्ली होणार असेल तर खोली सगळ्यांनाच बंद मागणं सोपं. चार वाक्यं पुरेत. "कपडे बदलण्याच्या खोलीत कोणत्याही पत्रकारास प्रवेश नसावा. सामन्यानंतर दहा मिनिटांनी, सत्कारापूर्वी, दोन्ही संघांचे कर्णधार व प्रशिक्षक ठरलेल्या जागी सर्व पत्रकारांना एकाच वेळी उपलब्ध व्हावेत. खोली एका पत्रकारास खुली केल्यास ती सर्वांस खुली समजावी. अंमलबजावणीसाठी एका व्यक्तीचे नाव व मोबाईल क्रमांक कळवावा."

तिसरं वाक्य कुणी गाळायला सांगितलं तरी गाळू नका, पहिल्या दिवशी ओळखीचा कुणीतरी आत शिरतोच. पत्र स्पर्धेच्या आठवडाभर आधी, शक्यतो तीन-चार पत्रकारांच्या सह्यांनी, त्यात पुरुषही हवेत. प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडून शिक्क्यासह पोच.