सिंगापूरची मुलं श्रावणबाळं, हा समज कुठून आला?

पुंगोलकर:
परवा या मंचावर ‘सिंगापूरकडून शिका’ असा एक लेख आला. त्याचं म्हणणं असं: आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलाला तिथे कोर्टात खेचता येतं, म्हणून म्हातारी माणसं घरातच राहतात, वृद्धाश्रम लागत नाहीत, आणि आपल्याकडे मात्र संस्कार आटले. खाली नुसती वाहवा चालू आहे. मी बरीच वर्षं सिंगापूरात राहते, सासूबाईंचं शेवटचं आजारपण याच फ्लॅटमध्ये काढलं. हे वाचून गप्प बसवेना.

कायदा आहे, खरंय. वॉल्टर वून या नामनियुक्त खासदारांनी तो खासगी विधेयक म्हणून मांडला, १९९५ साली मंजूर झाला, पुढच्या वर्षी न्यायाधिकरण सुरू झालं. साठी ओलांडलेल्या, स्वतःचं भागवू न शकणाऱ्या आईबापांना मुलांकडून खर्चाला पैसे मागता येतात. फक्त पैसे. अंथरुणावरच्या माणसाची कूस बदल, डायपर बदल, रात्री हाक मारली की ऊठ, असं कुठलंही न्यायाधिकरण मुलाला सांगत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर तर आधी समेटाची बैठक, ती फिसकटली तरच पुढचं.

आणि वृद्धाश्रम नाहीत असं कोण म्हणतं? नर्सिंग होम आहेत आणि नवी बांधली जातायत. यीशुनला श्री नारायण मिशनचं आहे, आपल्यापैकी कितीतरी जण तिथे सणासुदीला जाऊन आलेत.

मग घरातल्या म्हाताऱ्यांना कोण बघतं? इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमारहून आलेल्या बायका. अशा सुमारे तीन लाख घरकामगार या एवढ्याशा बेटावर आहेत, साधारण पाच घरांमागे एक. सरकारही तेच धरून चालतं. एरवी अशा बाईमागे मालकाला सरकारकडे महिन्याला ३०० सिंगापूर डॉलर लेव्ही म्हणजे कर भरावा लागतो, घरात ६७ किंवा त्यापुढचं नागरिक माणूस असेल तर ६०. ‘कुटुंब सांभाळतं’ म्हणून ज्याचं कौतुक चाललंय ते काम इंडोनेशियात जावा बेटावरच्या एखाद्या खेड्यातली बाई करते, स्वतःचं मूल आईपाशी ठेवून. त्या लेखात तिचा साधा उल्लेख नाही.

घाटावरचा:
मला तो लेख पटला होता आणि अजूनही बराचसा पटतो. कायद्याने कूस बदलता येत नाही हे शाळकरी पोरालाही कळतं. पण निदान चार पैसे तरी मिळतात ना? आपल्याकडे आईवडिलांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे, त्याचं काय झालं ते माझ्या मामांना विचारा. जमीन दोन्ही मुलांच्या नावावर करून बसले. बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्दच नाहीत, म्हणून कलम २३ (न सांभाळणाऱ्या मुलांना दिलेली मालमत्ता परत घेण्याचं) लावायचं तर त्यावरच वाद. प्रांतांकडे तारखांवर तारखा. कधी साहेब दौऱ्यावर, कधी निवडणुकीच्या कामात. आणि एवढं करून मिळणार किती, तर कायद्यात कमाल महिना दहा हजार रुपये लिहिलेत. सत्तरीतला माणूस एसटीने हेलपाटे घालतोय आणि तुम्ही तिथल्या न्यायाधिकरणात खोट काढताय.

दुसरं, तिथलं सरकार घरांचा विचार करतं. आईबापांसोबत राहण्यासाठी कुटुंबाने रीसेल (आधीच्या मालकाकडून) फ्लॅट घेतला तर ३०,००० डॉलर अनुदान, चार किलोमीटरच्या आत घेतला तर २०,०००. वुडलँड्सची कांपुंग ॲडमिरल्टी बघा: म्हाताऱ्यांची घरं, दवाखाने, खाऊगल्ली आणि पाळणाघर एकाच इमारतीत. माझी आई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, गुडघ्यांमुळे ती दिवाळीनंतर खाली उतरलेली नाही. सोसायटीत लिफ्टचा विषय काढला की पहिल्या मजल्यावरचे उठून जातात.

क्लेमेंटी_कुलकर्णी:
घरांचं कौतुक नागरिकांपुरतं आहे, घाटावरचे साहेब. आमच्यासारख्या नोकरीच्या पासवर (परवान्यावर) राहणाऱ्या परदेशी लोकांनी आईवडिलांना आणायचं तर महिन्याचा ठरलेला पगार किमान १२,००० डॉलर हवा. तेवढा असला तरी त्यांचा पास माझ्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की त्यांनीही सामान भरायचं. इस्पितळात सवलत शून्य. बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा टॅक्सीत बसेपर्यंत आई एकच विचारत होती, “किती खर्च येईल रे?” पुढच्या महिन्यात दोघं नाशिकला परत गेले. मी इथे कर भरतो, आणि त्यांना तिकडे शेजारी बघतात. ‘आशियाई कुटुंबमूल्यं’ वगैरे भाषणं ऐकली की मला आता त्रास होतो.

शमा_बेडोक:
पुंगोलकर, तुमचा सूर मला अजिबात आवडला नाही. बाई ठेवली म्हणजे आम्ही आईवडिलांना वाऱ्यावर सोडलं का? मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, न करून चालणारच नाही. सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून आमच्याकडे इंडोनेशियाची एक मुलगी आहे. ती घरातलीच आहे. आमच्यासोबत जेवते, गणपतीला तिला साडी घेतो, तिच्या भावाच्या शिक्षणाला पैसे दिलेत. उद्या ती गेली तर सासरे जेवणार नाहीत.

जास्वंद:
ती घरातलीच, मग तिला रविवारी सुट्टी असते का?

शमा_बेडोक:
महिन्यातून एकदा असते. बाकीच्या रविवारचे जादा पैसे देतो, तिच्या संमतीने. कायद्यात बसतं ते. रविवारी सासऱ्यांना उचलून बाथरूमला न्यायला कोण येणार, तुम्ही?

जास्वंद:
कायद्यात बसतं, हो. २०१३ पासून आठवड्याला सुट्टीचा हक्क आला, आणि ‘पैसे देऊन बुडवता येईल’ ही पळवाटही सोबतच आली. महिन्यातली एक तरी सुट्टी पैशांनी बुडवता येणार नाही, एवढा नियम यायला २०२३ उजाडलं. म्हणजे महिन्याकाठी एक दिवस ही कायद्याची अगदी खालची पायरी आहे, आणि तुम्ही ती मोठेपणा म्हणून सांगताय.

मी रविवारी एका संस्थेत या बायकांना इंग्रजी शिकवते. पाया लेबारच्या सिटी प्लाझापाशी चटई टाकून बसलेल्या दिसतात ना, त्यातल्याच. पहिले काही महिने पगार त्यांना इथे आणणाऱ्या एजन्सीचं कर्ज फेडण्यातच जातो. दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, त्यात गर्भारपणाचीसुद्धा. दिवस गेले तर परत पाठवणी. माझ्या वर्गातली एक जण आजींच्या खोलीतच जमिनीवर गादी घालून झोपायची, कारण आजी रात्री उठायच्या. पूर्ण झोप म्हणजे काय ते विसरले, असं ती म्हणाली. तिची स्वतःची आई गेली तेव्हा तिला जाता आलं नाही. त्या घरचेही ‘ती घरातलीच’ असंच म्हणायचे.

शमा_बेडोक:
तुमच्या वर्गातलं ते घर माझं नाही. एका घराची गोष्ट सांगून सगळ्यांना एकाच दोरीने बांधू नका. तुम्ही कधी अंथरुणावरच्या माणसाची सहा वर्षं काढलीत? मी काढतेय. ऑफिसातून आल्यावर रात्रीची पाळी माझी असते, तिची नव्हे. सुट्टी घेऊन, पगार कापून इस्पितळात मी बसते. सुनेने केलं तर ते कुणाला दिसत नाही, आणि मदतीला कुणी ठेवलं तर लगेच शोषण!

निवृत्त_पुणेकर:
शमाताई, जास्वंद, दोघी जरा दमाने. तुम्ही मालक आणि मोलकरीण असं भांडताय, म्हाताऱ्याला कुणी विचारलं का? मी ब्याऐंशीचा आहे. आमच्याकडे ब्युरोची बाई येते, बारा तासांची. दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. प्रत्येक नवीन बाईला मी पुन्हा सांगायचं, डावा हात वर जात नाही, चहात साखर नको, परकर-टॉवेल एकत्र धुऊ नको. अनोळखी बाईने अंघोळ घालायची, यात रोज काय वाटतं ते मुलांना सांगताही येत नाही. शमाताईंकडची ती इंडोनेशियाची मुलगी वर्षानुवर्षं त्याच माणसाजवळ राहते याचा मला हेवा वाटतो. तिला सुट्टी मिळालीच पाहिजे, पण तिची बाजू घेताना माझंही माणूसपण लक्षात ठेवा.

जास्वंद:
काका, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण ती टिकून राहते यात माया किती आणि मालकाशी बांधलेलं कामाचं परमिट किती? मालक बदलायला एकेकीला किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात ते मी बघितलंय. ब्युरोची बाई निदान काम सोडू शकते.

अनामिका७:
सगळे ‘आईवडील’ हा शब्द देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारताय म्हणून लिहिते. माझ्या वडिलांनी आईला आणि आम्हाला पट्ट्याने मारलं, मी आठवीत असताना घर सोडून गेले. म्हातारपणी पोटगीची नोटीस पाठवली. सिंगापूरने २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली: ज्यांनी मुलांचा छळ केला किंवा त्यांना टाकून दिलं त्यांना आता न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय अर्जच करता येत नाही. आपल्याला तिथलं काही उचलायचंच असेल तर आधी हे उचला. मूळ लेखात आणि या धाग्यात एकानेही हा विषय काढला नाही.

घाटावरचा:
अनामिका, तुमच्याबाबतीत मान्य. अशा बापाचा सांभाळ मुलीने का करावा याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पुंगोलकर, बायकांच्या लेव्हीचं मला माहीत नव्हतं आणि ते लेखात यायला हवं होतं, एवढं कबूल. पण त्यामुळे सरकारने केलेलं बाकीचं खोटं ठरत नाही.

पुंगोलकर:
खोटं कुठे म्हणतेय मी? बुकित बातोकला ६५ च्या पुढच्यांसाठी घरं काढलीत. फ्लॅट लहान, पण देखरेख आणि मदतीची सेवा घरासोबतच घ्यावी लागते, म्हणजे एकटा माणूस आपल्या दाराला कडी लावून राहू शकतो आणि पडला तर कुणी धावून येतं. मला स्वतःला म्हातारपणी तेच हवंय. माझ्या मुलीने नोकरी सोडावी असं मला वाटत नाही, आणि माझ्यासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलीने आपलं लेकरू सोडून यावं असंही नाही. इथला जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०२३ मध्ये ०.९७ वर आला. एकुलत्या मुलाच्या डोक्यावर दोन आईबाप आणि चार आजी-आजोबा ठेवून ‘संस्कार’ म्हणणाऱ्यांनी हे गणित मांडून दाखवावं.

आणि शमा, मी तुला दोष देत नाहीये. सासूबाईंच्या वेळी आमच्याकडेही बाई होतीच. म्हणूनच तिच्याविषयी लिहिलं.

शमा_बेडोक:
मग सुरुवातीलाच तसं लिहायचं होतं. जास्वंद, तुम्हाला एवढी कळकळ आहे तर एक सांगा: आमच्या जवळचं म्हाताऱ्यांचं डे-केअर रविवारी बंद असतं, दुसऱ्या बाईचा खर्च झेपत नाही, नवऱ्याची पाठ गेलीय. तिला चारही रविवार द्यायला माझी ना नाही. त्या दिवशी सासऱ्यांना उचलायला कुणाला बोलवू, ते मला नाव-पत्त्यासकट सांगा.

जास्वंद:
बेडोकच्या आसपास वीकेंडला घरी येऊन बघणाऱ्या सेवा आहेत, सवलतीसाठी उत्पन्नाची तपासणी करून घ्यावी लागते. व्यनि (खासगी निरोप) करते. पहिला रविवार ठरला की कळवा.