सामुद्रधुनीत बलाढ्य आरमार का अडकतं? १८ मार्च १९१५ बद्दल एक प्रश्न

शोधयात्री:
गेले काही दिवस पहिल्या महायुद्धातल्या दार्दानेल्सच्या मोहिमेबद्दल वाचतोय. एजियन समुद्रातून इस्तंबूलकडे जाणारी ही तुर्कस्तानातली चिंचोळी सामुद्रधुनी. राखीव धरून ब्रिटन-फ्रान्सच्या अठरा मोठ्या युद्धनौका त्या दिवशी आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ‘बूव्हे’, ‘इर्रेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ बुडाल्या, आणखी तीन जायबंदी झाल्या. समोर तुर्कांच्या बहुतेक जुन्या तोफा आणि मोजका दारूगोळा. माझ्या मित्राचं म्हणणं, सुरुंगांची एक ओळ नजरेतून सुटली एवढंच, नाहीतर आरमार इस्तंबूलला पोचलंच असतं. मला ते पटत नाही, पण खोडताही येत नाही. नशीब फिरलं, की बेतच चुकीचा होता?

जुना खलाशी:
प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नौदलात असताना मी सहा वर्षं माईनस्वीपरवर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजावर काढली. आमचं काम म्हणजे जहाजामागे लांब पोलादी वायर सोडायची, ती ठरलेल्या खोलीवर धरायची आणि औत धरल्यासारखे एकाशेजारी एक सरळ तास काढत जायचं. वायरीला कटर असतात. सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा दोर त्यात सापडला की तुटतो, सुरुंग वर येतो, मग लांबून गोळ्या घालून तो फोडायचा. वायरीवरचा ताण अचानक वाढला की मागच्या डेकवरचे सगळे बोलायचे थांबायचे. वेग कमी, मान वळवायची नाही, दिशा सोडायची नाही. तास जरा वाकडा गेला तर मधली पट्टी तशीच राहते, आणि ती राहिली आहे हे पाण्यावर कुठेच दिसत नाही.

दार्दानेल्समध्ये हे काम कुणाला दिलं? उत्तर समुद्रात मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरना. त्यांवरची माणसंही बहुतेक मच्छीमारच. दोन बोटींच्या मध्ये वायर ताणायची. त्या सामुद्रधुनीतून वरचं पाणी सतत एजियन समुद्राकडे धावतं. वायर ओढत त्याच्या विरुद्ध जाताना बोटी जेमतेम माणसाच्या चालीने सरकायच्या. तेही रात्री, प्रकाशझोत अंगावर आणि काठावरून तोफा. त्या माणसांना काही जण भित्रे म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो. सरळ तास काढताना कोणी नेम धरून मारा करत असेल तर काय वाटतं, हे त्या वायरीजवळ उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

आता खरी गाठ बघा. सुरुंग काढायचे तर आधी तोफा गप्प करायला हव्यात. तोफा गप्प करायच्या तर युद्धनौकांना जवळ जायला हवं. आणि जवळ जायचं तर आधी सुरुंग निघायला हवेत. पक्के किल्ले लांबून फोडता आले असतीलही, पण टेकड्यांमागे जागा बदलणाऱ्या, गोळा उंच उडवून मारणाऱ्या हॉवित्झर तोफा जहाजावरून दिसतच नव्हत्या. ही गाठ सोडवण्याचा विचार त्या बेतात नव्हता. मोठ्या तोफांपुढे सगळं आपोआप ढासळेल असं गृहीत धरलं होतं. त्यात ३ नोव्हेंबर १९१४ ला तोंडावरच्या किल्ल्यांवर मारा करून, आम्ही येणार आहोत हे चार महिने आधीच सांगून ठेवलेलं.

तुझ्या मित्राच्या नशिबाबद्दल. ८ मार्चच्या पहाटे ‘नुसरत’ नावाच्या छोट्या तुर्की जहाजाने एरेनकोय उपसागरात २६ सुरुंग टाकले. बाकीच्या ओळी पात्राला आडव्या होत्या, ही मात्र आशियाच्या काठाला समांतर. कारण मारा करून परतताना युद्धनौका उजवीकडे, त्याच उपसागरात वळतात हे तुर्कांनी आधीच्या दिवसांत टिपून ठेवलं होतं. ब्रिटिश रोज एकाच जागी वळत राहिले आणि आपल्याला कोणी बघत असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. मी याला नशीब म्हणणार नाही.

तटबंदी:
काका, प्रतिसाद फार आवडला. पण सामुद्रधुनी म्हणजे अभेद्यच असंही नाही. ३० मार्च १८०१ ला ब्रिटिश आरमार डेन्मार्कच्या क्रोनबोर्ग किल्ल्यासमोरून आरामात गेलं. स्वीडनच्या बाजूच्या तोफा गप्प राहिल्या, म्हणून ते त्या काठाला चिकटून निघालं आणि डॅनिश गोळे पोचलेच नाहीत. दोन्ही काठ बोलले तरच दार बंद होतं. आणि फेब्रुवारी १८०७ मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल डकवर्थ तर दार्दानेल्समधूनच आत गेला होता.

जुना खलाशी:
गेला, खरंय. पण आत जाऊन करणार काय? तुर्कांनी बोलणी लांबवली आणि तेवढ्यात तटबंदी भक्कम केली. ३ मार्चला त्याला त्याच वाटेने परतावं लागलं, तेव्हा तीनशे किलोहून जड दगडी गोळे अंगावर आले. ‘विंडसर कॅसल’ची मुख्य डोलकाठी एका गोळ्याने तुटायला आली. पुढच्यांनी ‘तो आत गेला’ एवढंच लक्षात ठेवलं.

शोधयात्री:
मग १९ मार्चला पुन्हा हल्ला का नाही केला? तुर्कांचे मोठे गोळे संपत आले होते असं वाचलंय.

जुना खलाशी:
मोठ्या तोफांचे गोळे कमी उरले होते, मान्य. पण सामुद्रधुनीत आणखी आत, केफेझजवळच्या सुरुंगांच्या आडव्या ओळी जशाच्या तशा होत्या, तिथवर कोणी पोचलंच नव्हतं. १८ च्या दुपारी पुढे पाठवलेले ट्रॉलर मारा सुरू होताच मागे फिरले. मग आरमाराचा प्रमुख डी रोबेकने काय घेऊन पुढे जायचं? सैन्य उतरवायचं ठरलं आणि ते उतरलं २५ एप्रिलला. मधले पाच आठवडे तुर्कांना आणि त्यांचा जर्मन सेनापती लिमान फॉन सांडर्सला तयारीसाठी मिळाले. मला सगळ्यात जास्त चटका लागतो तो या पाच आठवड्यांचा.

उत्तरवारा:
नॉर्वेचं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. ९ एप्रिल १९४०, ओस्लोच्या वाटेवरची द्रोबाकची चिंचोळी खाडी, पहाटेचा अंधार. जर्मनांची नवीकोरी क्रूझर ‘ब्ल्यूखर’ सगळ्यात पुढे, तीवर ओस्लो ताब्यात घेणारा अधिकारीवर्ग. ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावर ६४ वर्षांचे कर्नल एरिक्सन, थोड्याच दिवसांपूर्वी भरती झालेली पोरं आणि १८९० च्या दशकातल्या क्रुप तोफा. दोनच गोळे सुटले, दोन्ही लागले. मग कातळात लपवलेल्या ठाण्यातून चाळीसेक वर्षं जुने टॉर्पेडो सुटले. त्या ठाण्याचा जर्मनांना पत्ताच नव्हता. जहाज बुडालं आणि राजा, सरकार, बँकेतलं सोनं ओस्लोबाहेर काढायला वेळ मिळाला.

जुना खलाशी:
ताई, बरं झालं लिहिलंत. पहिलं जहाज आत घालताना त्यावर सगळं नेतृत्व बसवलं, म्हणजे कोणी तोफ डागेल असं त्यांनी धरलंच नव्हतं.

शोधयात्री:
मित्राला हा धागा पाठवतो. शेवटचा प्रश्न, ‘बूव्हे’वरचे इतके लोक कसे गेले? काठ तर डोळ्यांसमोर होता.

जुना खलाशी:
‘बूव्हे’ त्याच उपसागरात वळत असताना सुरुंगावर गेली आणि साधारण दोन मिनिटांत उलटून तळाला गेली. सहाशेहून जास्त माणसं आत राहिली. आमच्या लहानशा जहाजावर इंजिनरूममधून शिड्या चढून डेकवर यायला सरावात पाऊण मिनिट लागायचं. ते दिवे चालू आणि जहाज सरळ उभं असताना.