रक्ताच्या टेस्टवरून अल्झायमर कळतो का?

प्रश्न: आई हल्ली एकच गोष्ट पाच मिनिटांत तीनदा विचारते, काल तर चष्मा डोळ्यावर आणि घरभर शोधतेय. आता नुसत्या रक्तावरून निदान होतं म्हणे, मग पाठीतलं पाणी काढायला नको ना? खूप काळजी वाटतेय.

उत्तर १: अशा पहिल्या टेस्टला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-टेस्टना परवानगी देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये मान्यता दिली. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं; ते साचलं की रक्तात पी-टाऊ २१७ हे दुसरं प्रथिन वाढतं आणि अमायलॉइडचाच ४२ हा प्रकार कमी होतो, त्या दोघांचं गुणोत्तर बघतात. पण लक्षणं असतील त्यांनाच ही टेस्ट, आणि रिपोर्ट मधल्या रेंजमध्ये आला तर मेंदूचा पेट स्कॅन नाहीतर पाठीतलं पाणी लागतंच.

उत्तर २: त्याआधी बी१२ आणि थायरॉइड बघा प्लीज!! माझ्या बाबांचं विसरणं बी१२ मुळेच होतं, इंजेक्शनं घेतल्यावर परत पत्त्यांचा हिशोब तोंडी करायला लागले. किडनीचा त्रास असेल तर तेही सांगा, पी-टाऊ उगाच वाढलेलं दिसतं.

उत्तर ३: लवकर कळलेलं बरंच. लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये १८ महिन्यांत घसरण २७ टक्के मंदावली, आजार बरा होत नाही पण, आणि मेंदूला सूज येऊ शकते म्हणून मधेमधे एमआरआय करावा लागतो.

प्रश्नकर्ती: बी१२ उद्याच करते, रिपोर्ट आला की इथेच टाकते.