लक्षद्वीप: प्रवाळबेटावर चुंबकीय विसंगती उणे का येते?

ताळगावकर: एम.एस्सी. प्रकल्पासाठी लक्षद्वीपच्या एका बेटाभोवतीचा जहाजावरचा टोटल फील्ड डेटा (चुंबकीय क्षेत्राच्या एकूण तीव्रतेची मोजमापं) हाताळतोय. आयजीआरएफ (पृथ्वीच्या मुख्य क्षेत्राचं प्रमाण मॉडेल) वजा केल्यावर उरणारा फरक, म्हणजे विसंगती, नेमकं बेटावर मोठी उणे दिसते, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला मात्र अधिक (+). खाली बेसाल्ट असेल तर उलट दिसायला हवं ना? रिडक्शन टू पोल (विसंगती चुंबकीय ध्रुवावर मोजल्यासारखी करणारा फिल्टर) लावलं तर नकाशाभर उत्तर-दक्षिण रेघा आल्या. जहाजाच्या शेजारशेजारच्या फेऱ्यांच्या लाइनीही जुळत नाहीत.

सडा_वास्को: उणे आलं म्हणून बेसाल्ट नाही असं अजिबात समजू नका. तिथे चुंबकीय नती (क्षेत्राचा क्षितिजाशी कोन) दहा अंशांहूनही कमी, म्हणजे क्षेत्र जवळपास आडवं. अशा ठिकाणी प्रेरित चुंबकत्व (आजच्या क्षेत्रामुळे येणारं) असलेल्या खडकाच्या डोक्यावर विसंगती उणेच येते. रेघाही त्याचमुळे: कमी नतीला तो फिल्टर चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेतला गोंगाट भयंकर फुगवतो. त्यापेक्षा रिडक्शन टू इक्वेटर (ध्रुवाऐवजी चुंबकीय विषुववृत्तावर मोजल्यासारखं) करा आणि उणे भागालाच खडक समजून वाचा.

लाइनी न जुळण्याचं कारण बहुतेक केबल. फिश (केबलने ओढला जाणारा सेन्सर) जहाजाच्या लोखंडापासून दूर राहावा म्हणून 250-300 मीटर मागे ओढतात, पण फाइलमध्ये जीपीएस अँटेनाची जागा असते. ही दुरुस्ती राहिली तर उलटसुलट दिशेच्या दोन लाइनींत 300 मीटर केबलला 600 मीटरांचा फरक पडतो.

दोनापावल_जेटी: दैनिक बदल (क्षेत्राचा दिवसभरातला चढउतार) वजा करायला कुठला वापरलात? अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा असेल तर इथे चालणार नाही. लक्षद्वीप विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेटच्या (चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वातावरणात उंचावर वाहणारा विद्युतप्रवाह) जवळ आहे, दुपारचा चढउतार अलिबागपेक्षा बराच मोठा असतो. बेटावर बेस स्टेशन (एका जागी राहून बदल नोंदवणारं मापक) हवं: गाड्या, सळ्या, जनरेटर यांपासून लांब, सेन्सर 2-3 मीटर काठीवर. नाहीच मिळालं तर रात्रीच्या लाइनींवर भर द्या आणि आडव्या टाय लाइनी (मुख्य लाइनींना छेदणाऱ्या) जिथे छेदतात तिथला फरक काढून लेव्हलिंग करा, म्हणजे लाइनी एका पातळीवर आणा. जहाजाचा डेटा यूटीसीत आणि बेसचा भारतीय वेळेत, म्हणजे साडेपाच तासांची चूक, हे फार वेळा होतं.

सडा_वास्को: अवशिष्ट चुंबकत्वही (खडक थिजताना त्यात गोठलेलं) धरा. 1987 साली ओडीपीच्या (ओशन ड्रिलिंग प्रोग्राम, समुद्रतळ खणण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प) 115व्या मोहिमेत मालदीवजवळ 715 क्रमांकाच्या विहिरीत सुमारे 5.7 कोटी वर्षांपूर्वीचं बेसाल्ट लागलं. त्या काळी भारतीय प्लेट बरीच दक्षिणेला होती. त्यामुळे खडकात गोठलेली दिशा आजच्या क्षेत्राशी जुळत नाही, आणि बेसाल्टात हा भाग प्रेरित भागापेक्षा मोठा असू शकतो. मॉडेलमध्ये फक्त आजची नती टाकली तर थराचा उतार आणि जागा दोन्ही चुकतात. निदान दोन दिशा घेऊन चालवून पाहा.

ताळगावकर: देव बरें करूं. केबलची दुरुस्ती खरंच राहिली होती. प्रवाळाचा तळ किती खोल हे पॉवर स्पेक्ट्रमवरून (विसंगतीची ऊर्जा कुठल्या वारंवारतेत किती, याचा आलेख) काढता येईल का?

दोनापावल_जेटी: येईल. चुनखडक जवळपास अचुंबकीय, त्यामुळे पहिला चुंबकीय पृष्ठभाग म्हणजे सहसा बेसाल्टचा माथाच. खिडकी (एका वेळी तपासायचा नकाशाचा तुकडा) अपेक्षित खोलीच्या किमान दहापट रुंद घ्या. वारंवारता सायकल प्रति किमीमध्ये असेल तर ln पॉवरच्या (पॉवरच्या नैसर्गिक लॉगच्या) उताराला 4π ने भागा. रेडियनचं सूत्र वापरून 2 ने भागलंत तर खोली सहापटीहून जास्त येते. आकडा सेन्सरपासूनचा असतो. ज्या खिडकीत समुद्र खोल आहे तिथे पाण्याची खोली वजा केल्यावरच वरच्या गाळाची आणि चुनखडकाची जाडी उरते.