मदत हवी आहे: डेबियन १२ वर लिबपीक्यूच्या दोन आवृत्त्यांचा तिढा

रत्नागिरीतील मच्छीमारांच्या एका लहान सहकारी संस्थेचा संगणक मी सवडीने सांभाळतो. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस असून नौकांच्या डिझेल कोट्याचा हिशेब तिथेच राहतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हिशेबाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवायला हेच दिवस बरे, असा विचार केला.

त्यासाठी पायथॉनचे एक मॉड्यूल इथेच कंपाइल करावे लागते आणि त्याला लिबपीक्यू-डेव्ह हे पॅकेज लागते (लिबपीक्यू म्हणजे प्रोग्रामला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी, आणि डेव्ह म्हणजे कंपाइल करताना लागणाऱ्या तिच्या फायली). ते बसवू गेलो की अ‍ॅप्ट, म्हणजे पॅकेजेस बसवणारे साधन, अडते. लिबपीक्यू-डेव्ह १७ ला नेमक्या त्याच आवृत्तीचे लिबपीक्यू५ (खुद्द लायब्ररीचे पॅकेज) हवे, पण बसणार आहे ते १५, असे ते सांगते आणि वर मीच मोडकी पॅकेजेस रोखून धरल्याचा ठपका ठेवते. रोखलेली पॅकेजेस दाखवणाऱ्या अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्डची यादी तर रिकामी येते.

शोधता शोधता अ‍ॅप्टचे प्राधान्यक्रम ठेवणाऱ्या प्रेफरन्सेस.डी या फोल्डरात एक फाइल सापडली. माझ्याआधी हे काम पाहणाऱ्यांनी पोस्टग्रेस प्रकल्पाची रिपॉझिटरी (पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) जोडली होती आणि कसला धसका घेतला कोण जाणे, पण एकट्या लिबपीक्यू५ ला बुकवर्ममधील, म्हणजे डेबियन १२ च्या स्वतःच्या, आवृत्तीवर १००१ या प्राधान्याने पिन करून (बांधून) ठेवले होते. मी दुसरी फाइल तयार करून प्रकल्पाच्या लिबपीक्यू५ ला ९९० दिले. फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात असे कळल्यावर तिच्या नावाआधी ०० जोडून तिला पुढे आणले, तरी कोणती आवृत्ती निवडली जाईल हे सांगणारी अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी ही आज्ञा १५ चीच निवड दाखवते. जुनी फाइल कशासाठी होती हे कुठेच लिहिलेले नसल्याने ती काढण्याचे धाडस होत नाही. डेटाबेसला धक्का न लागता यातून कसे सुटावे?

प्रतिसाद:
फायलींच्या क्रमाचा इथे संबंध नाही. एकाच आवृत्तीला दोन नोंदी लागू पडल्या, तरच आधीची नोंद धरली जाते. आपल्या नोंदी दोन निराळ्या आवृत्त्यांना लागतात, म्हणून १५ ला १००१ आणि १७ ला ९९० मिळून १५ पुढे राहते. लिबपीक्यू-डेव्हला मात्र पिनच नाही. दोन्ही रिपॉझिटरींत त्याला नेहमीचे ५०० हे प्राधान्य असल्याने तिथे वरची आवृत्ती निवडली जाते आणि जोडी फुटते.

तात्पुरते भागवायचे असेल, तर अ‍ॅप्ट इन्स्टॉलला लिबपीक्यू-डेव्ह/बुकवर्म असे नाव द्यावे. तरीही जुनी पिन काढावीच, असे माझे मत आहे. सुरक्षा रिपॉझिटरीचे नाव बुकवर्म-सिक्युरिटी असे वेगळे असल्याने ती पिन तिला लागत नाही, आणि तिथे आलेली लिबपीक्यू५ ची दुरुस्ती मुख्य रिपॉझिटरीत उतरेपर्यंत आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. लिबपीक्यू १७ ला पोस्टग्रेस १५ च्या सर्व्हरशी जोडणी करता येते, त्यामुळे त्या बाजूने काळजी नसावी. दोन्ही फायली फोल्डराबाहेर हलवा, आधी सिम्युलेट पर्यायाने (प्रत्यक्ष काही न बसवता) पाहा आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी नीट वाचा.

धागाकर्ता:
उत्तराला उशीर झाला. पावसामुळे कालपासून वीज नव्हती. सिम्युलेशनमध्ये दोन्ही पॅकेजेस १७ वर जाताना दिसली आणि काढले काहीच जात नव्हते, म्हणून पीजी-डंपने डेटाबेसची प्रत घेऊन प्रत्यक्ष बसवले. मॉड्यूल कंपाइल झाले आणि गेल्या हंगामाचा हिशेब जसाच्या तसा उघडला. मनःपूर्वक आभार.