उजनीच्या पाण्यात भीमेचा वाटा कुठे आहे?

भीमातीर
उन्हाळ्यात उजनी धरणातून भीमा नदीच्या पात्रात जे पाणी येतं ते मुख्यतः सोलापूर शहरासाठी. पंढरपूर, मंगळवेढा ओलांडून ते औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांत अडवतात आणि शहराला उचलतात. आता समांतर जलवाहिनी आली, म्हणजे शहराचं पाणी थेट धरणातून जाणार. शहराचं भलं झालं, आनंद आहे. पण मग नदीत पाणी सोडायचं ते कुणाच्या नावावर? कालव्याच्या आवर्तनाला, म्हणजे पाळीच्या पाण्याला, मागणीदार आहेत, उपसा योजनांना आहेत, वारीच्या स्नानासाठी मागणारे आहेत. नदी वाहती राहावी, तिच्यातले मासे जगावेत म्हणून पाणी मागणारं कुणीच नाही.

कालवा सल्लागार समितीत पाणी वाटायला बसण्याआधी नदीचा वाटा बाजूला काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच सांगितलंय की नद्यांत कोरड्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाच्या निदान 15 ते 20 टक्के पाणी वाहतं ठेवा. गंगेसाठी 2018 मध्ये केंद्राने अधिसूचनाही काढली. भीमेनं काय घोडं मारलंय?

ऊसकरी माढा
2023 ला धरण साठ टक्क्यांच्या आसपास भरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळाच्या मृत साठ्यात उतरलं. आमच्या कालव्याला पाळी मिळाली नाही, उभा ऊस चाऱ्याला तोडून दिला. त्या वर्षी माशांसाठी पाणी कुठून आणणार होता? आधी माणसं, मग जनावरं, मग पीक. त्यातून उरलं तर नदी.

भीमातीर
दादा, तुमचं नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण हिशोब बघा. 100 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 100 घनफूट पाणी सलग 115 दिवस सोडलं तर साधारण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. उजनीचा उपयुक्त साठा 53 टीएमसीच्या वर, मृत साठा 63 च्या वर. दोन टीएमसीत पावसाळा सोडून आठ महिने नदीला धार राहते. आणि नदीकाठचा भोई माणसांत मोडत नाही का? त्याला ना सातबारा, ना पीकविमा. डोह आटला की त्याचं त्या वर्षाचं सगळंच गेलं.

निवृत्त शाखा अभियंता
पाटबंधारे खात्यात नोकरी झाली म्हणून लिहितो. कागदावर 100 क्युसेक बरोबर आहे, नदीत नाही. कोरड्या वाळूत तेवढं पाणी पहिल्या काही मैलांतच जिरतं. उरलेलं दोन्ही काठांच्या मोटारी ओढतात. शहरासाठी पाणी सोडताना काठाची वीज का तोडावी लागते? आणि पाच-सहा हजार क्युसेकनं का सोडतात? रेटा नसेल तर पाणी शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतच नाही. तुमचा वाटा मासा बघणारसुद्धा नाही, वरच्या गावांचा ऊस पिऊन टाकेल.

भीमातीर
साहेब, हा मुद्दा वजनदार आहे. सगळी नदी बारमाही वाहील असं मीही म्हणत नाही. पण पाणी ज्या पद्धतीनं बंद होतं तिथं माशांचा खरा घात होतो, तेवढं तरी बघा. हजारो क्युसेक वाहत असतात तेव्हा पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात, वाळू उपशाच्या खड्ड्यांत शिरतात, कारण मधे धार सोसत नाही. मग दारं पटापट खाली. पाणी रातोरात ओसरतं आणि बोटबोट लांबीची पिल्लं खड्ड्यात अडकतात. दुसऱ्या दुपारी पाणी हाताला कोमट लागतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मरळ हवेतला श्वास घेते म्हणून ती तग धरते. बाकीच्यांची पांढरी पोटं वर. पुढच्या वर्षीचं बीज तिथंच संपतं.

रोहू-मृगळ तर साठलेल्या पाण्यात अंडीच घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. सुरुवातीचा सगळा पूर धरणात अडवायचा आणि नंतर बाहेरून मत्स्यबीज आणून सोडायचं, हे किती वर्षं चालणार?

फुगवट्याकाठी
मी धरणाच्या वरच्या अंगाचा, भिगवणकडचा. आमच्या जमिनी ह्याच पाण्याखाली गेल्या, आता जाळ्यावर जगतो. तुम्ही सगळे खाली पाणी सोडायचं बोलताय. इथं पाणी मृत साठ्यात उतरलं की फुगवट्याच्या खाड्या उघड्या पडतात, चिलापीची घरटी कोरडी होतात, आणि कमी पाण्यात बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लावून लोक बारक्या चिंगळ्यांसकट सगळे मासे उपसतात. तुमच्या नदीच्या माशासाठी आमचा मासा मारू नका.

ऊसकरी माढा
बघा. कोळ्या-भोयांचंच एकमत नाही, आणि पाणी मात्र आमचं कापायचं.

भीमातीर
नाही दादा, भिगवणच्या भाऊंचं आणि माझं दुखणं एकच आहे. धरण किती खाली न्यायचं आणि नदीला किमान किती द्यायचं, दोन्ही आधी लिहून ठरलेलं नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं आवर्तन. आणि भाऊ, मृत साठा उपसायची वेळ आली तर नदीचा वाटाही तेवढ्या प्रमाणात घटावा, हे मला मान्य आहे.

निवृत्त शाखा अभियंता
दारांबद्दल मात्र तुमचं पटलं. विसर्ग एका रात्रीत तोडण्याऐवजी चार-पाच दिवसांत पायरीपायरीनं उतरवता येतो. त्याला वेगळं पाणी फार लागत नाही, एकूण पाण्यातूनच शेवट लांबवायचा. खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गेही (पाणी अडवायच्या फळ्या) सगळे एकदम टाकू नयेत, खालच्या डोहाला धार सुरू ठेवून टाकावेत. यासाठी मंत्र्यांच्या बैठकीची गरज नाही, विभागाच्या पातळीवर होईल. कायम प्रवाहाला माझा विरोध अजून आहे. मोटारींवर मीटर बसल्याशिवाय तो नुसता कागदावर राहील.

भीमातीर
मग पुढच्या बैठकीआधी पायऱ्यांचा मुद्दा लेखी देऊ. मीटरचंही त्यातच घालतो. नदीच्या वाट्याची मागणी मात्र मी सोडणार नाही. जलवाहिनी पूर्ण क्षमतेनं चालली आणि शहरासाठीचा विसर्ग कमी झाला, की पायऱ्यांनी उतरवायला पात्रात पाणीच नसेल.